तिसरं चित्र

"तिसरं चित्र उलटं धरा." निनावी तक्रारीत एवढंच होतं. सोबत कर्करोगावरच्या नव्या औषधाचा एक गाजलेला शोधनिबंध.

वैद्यकीय नियतकालिकाकडे येणाऱ्या तक्रारी तपासणं हे ताईचं काम. तिने पडद्यावर तिसरं चित्र उलटं केलं आणि पहिल्यावर ठेवलं. पेशी न् पेशी जुळली. कोपऱ्यातला हवेचा बुडबुडासुद्धा. पहिलं चित्र म्हणे औषधाआधीचं, तिसरं औषधानंतरचं!

हेच औषध ताईच्या धाकट्या बहिणीला, छोटीला, चालू होतं. बाकी सगळे उपाय हरल्यावरचं शेवटचं.

तिने संपादकांना ते सांगून टाकलं.

"मग दुसऱ्याकडे देऊ?"

"नको. माझं काम हवं तर दुसऱ्याकडून तपासून घ्या. पण हे मीच करणार."

संध्याकाळी ती रुग्णालयात गेली. छोटी पलंगावर चित्रकोडं जुळवत होती. उशाशी कागदांची चळत. आपल्या आजाराबद्दल मिळेल ते वाचायची तिला खोडच होती.

"तुकडा बसत नसला की फिरवून बघायचा, ताई. तू नुसती दाबत बसतेस."

ताई हसली नाही.

"शेजारच्या पलंगावरच्या वहिनींनाही माझंच औषध देणार आहेत," छोटी म्हणाली. "त्यांचं चालू औषध बंद करून. मुलगी बालवाडीत आहे त्यांची."

"चांगलंच की," ताई कशीबशी म्हणाली.

छोटीने हातातला तुकडा फिरवून कोड्यात बसवला.

निबंध लिहिणाऱ्या प्रयोगशाळेने टोलवाटोलवी सुरू केली. मूळ छायाचित्रं मागितली तर संगणक बिघडलेला; ती काढणाऱ्या विद्यार्थ्याला विचारावं तर तो सोडून गेलेला. ताईने पिच्छा सोडला नाही. त्यांचे जुने निबंध उकरले, तर तोच बुडबुडा आणखी दोन ठिकाणी निघाला. मग मात्र त्यांची बोलती बंद झाली.

तिन्ही निबंध मागे घेतले गेले. औषध सगळीकडे थांबलं. वहिनींचं जुनंच पुढे चालू राहिलं.

दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळायला नको म्हणून ताई तडक रुग्णालयात गेली. वाटेत चार वाक्यं जुळवली होती, ती दारातच विसरली.

"छोटे, तुझं औषध मीच बंद पाडलं गं." तिला रडू आवरेना. "मला दुसरं काही करताच आलं नाही."

छोटीने चादरीच्या टोकाने तिचे डोळे पुसले.

"इतके दिवस लावलेस?" ती म्हणाली. "तिसरं चित्र उलटं धरायला कितीसा वेळ लागतो?"