झिरो क्लॅश

विनिता करंज्याहून दोन एसट्या बदलून नवीन पनवेलच्या त्या ऑफिसात पोचली, तेव्हा अकरा वाजून गेले होते. तिचा नवरा कुंदन बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. गेल्या महिन्यात बर्फाचे डबे उचलून उलटे करणाऱ्या मशीनने त्याला कठड्याशी दाबलं. त्यातच तो गेला. कारखानेवाले म्हणत होते, तोच नको तिथे वाकला. मशीनचं डिझाइन या ऑफिसात झालं होतं.

"मना बगायचं हाय, त्यो कसा गेला," ती म्हणाली.

मालक तौसीफभाई केबिनच्या दारात आले. "शमा, यांना मॉडेल दाखव. आपला रिपोर्टही दाखव, कुठे काही घासत नाही म्हणून. आणि चहा सांग."

तो रिपोर्ट शमानेच केला होता, दोन वर्षांपूर्वी. झिरो क्लॅश, म्हणजे कुठेच धडक नाही. तिने कॉम्प्युटरवर अख्ख्या कारखान्याचं मॉडेल उघडलं. टाकी, फलाट, कठडा, मशीन. मशीनचा लांब लोखंडी हात माउसने धरून ओढला. हलला नाही. पुन्हा ओढला. तरी नाही.

तिने मशीन एकटंच वेगळ्या फाइलमध्ये उघडून पाहिलं. तिथे तोच हात सुरळीत फिरला, खाली टाकीत, वर, मागे. मोठ्या मॉडेलमध्ये मात्र पार थिजलेला. मग तिच्या लक्षात आलं. मशीन मोठ्या मॉडेलमध्ये आणून बसवलं की त्याचा एकसंध ठोकळा होतो. आतले भाग हलायची मोकळीक त्याला वेगळी द्यावी लागते. एका क्लिकचं काम. तेच राहून गेलं होतं. तपासणीच्या वेळी हात जागच्या जागी उभा होता, आणि उभा हात कशालाच घासत नव्हता.

"बंद पडला काय?" विनिताने विचारलं.

"नाही, ताई."

शमाने क्लिक केलं. आता हात उठला, मागे वळला आणि कठड्याच्या आरपार गेला. धडकेची खूण म्हणून तेवढा भाग लाल झाला.

विनिताने कठड्याच्या आतल्या बाजूला बोट टेकवलं. "हितं उबा ऱ्हायचा त्यो. डब्यांवर पानी मारायला." बोट तिथेच ठेवून म्हणाली, "हितं वाकायला जागा कुठं हाय?"

"नाही," शमा म्हणाली. "जागाच नाही."

तौसीफभाई मागे येऊन उभे राहिले होते. "सेव्ह करू नकोस, बंद कर," ते हलक्या आवाजात म्हणाले. "रिपोर्टवर सही तुझी आहे."

शमाने सेव्ह केलं, तपासणी पुन्हा चालवली. जुना रिपोर्ट आणि आजचा, दोन्हींचे प्रिंट काढून विनिताच्या हातात दिले. "वकिलाला द्या, ताई. जुन्यावर नाव आहे ते माझं. चूक माझ्याकडून झाली."

तौसीफभाईंनी केबिनमध्ये जाऊन दार आतून लावलं.

विनिताने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. आता शिव्या देईल, असं शमाला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

विनिताने कागद पिशवीत ठेवले. खुर्ची स्क्रीनच्या अगदी जवळ ओढली.

"परत चालवा," ती म्हणाली. "सावकाश."