टोपी घातलेला उंट

शेजारच्या अंगणात नमद्याचं युर्ट, लोकरीचा गोल तंबू, उभं राहिलं आणि एसेनकुलच्या हातातला ब्रश जागच्या जागी थांबला. कोचकोर गावात भर थंडीत अंगणात युर्ट उभं राहिलं, की घरातलं कुणीतरी गेलेलं असतं. कालमुरात मास्तर गेले होते. आणि त्यांना मारलं आपणच, याबद्दल एसेनकुलला तिळमात्र शंका नव्हती.

दीड महिन्यापूर्वी गावच्या सभागृहात त्याच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. धड माणसाचं, तोंड जनावराचं, हा त्याचा हातखंडा. टपालवाली बाई बदक, दातांचा डॉक्टर लांडगा. पण गर्दी लोटली ती एकाच चित्रापुढे. डोक्यावर पांढरी टोपी, कानावर पेन्सिल, खालचा ओठ लोंबतोय, आणि कुंपणावरून मान लांब करून शेजाऱ्याच्या ताटात डोकावणारा उंट. लोक चित्राकडे बघत, वळून एसेनकुलकडे बघत आणि पोट धरून हसत. एवढी दाद त्याला जन्मात मिळाली नव्हती.

उंट म्हणजे कालमुरात, हे काय वेगळं सांगायला हवं? पेन्सिल मास्तरांचीच. डोकावायची खोडही त्यांचीच. एसेनकुल जेव्हा जेव्हा कुंपणावरून पलीकडे बघायचा, तेव्हा तेव्हा म्हातारा त्याच्याकडेच बघत असायचा. वर भर चहाखान्यात एकदा म्हणाला होता, "एसेनकुल, तुझ्या चित्रातल्या घोड्याचा मागचा पाय पुढे लागलाय की रे!" त्याचाच डूख एसेनकुलने धरला होता.

प्रदर्शनानंतर मास्तर चहाखान्यात दिसेनासे झाले. बाजारातही येईनात. एसेनकुलला आधी गुदगुल्या झाल्या, मग आतून बोचायला लागलं. उद्या जाऊन माफी मागू, असं तो रोज ठरवायचा. आता तो उद्या उरला नव्हता. मयत उचलायच्या आधी माफी मागितली नाही, तर पुढे ती मागायची कुणाकडे?

तो शेजारी गेला. रिवाजाप्रमाणे कमरेवर हात ठेवून, वाकून, त्याने फाटकापासूनच हंबरडा फोडला, "दादा रे! माझ्या दादा!" युर्टबाहेर उभ्या असलेल्या पुरुषांनीही सूर लावला. एरवी अशा वेळी तो रडणाऱ्यांच्या उघड्या तोंडांची मनातल्या मनात चित्रं काढायचा. आजचं रडं मात्र खरं होतं.

"बस कर रे," खाटकाने त्याला मिठीत घेतलं. "तुझ्यावर फार जीव होता म्हाताऱ्याचा."

थोबाडीत बसावी तसं ते एसेनकुलला लागलं.

आत बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. पडद्याआड मास्तरांना ठेवलं होतं. एसेनकुल मास्तरांच्या बायकोजवळ, बुरुलवहिनींजवळ, गुडघ्यांवर बसला.

"वहिनी, मला जोड्याने मारा. तो उंट..."

"आता कशाला तो विषय, भाऊजी?"

"बोलू द्या. मी मुद्दाम काढला तो. नकळत हात गेला, असं नाही. माझ्या त्या चित्रापायीच ते घरात बसले ना?"

वहिनींनी डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने नाक पुसलं. "बसले खरे. चहाखान्यात कडाक्याचं भांडण करून आले. म्हणाले, या टवाळांच्या पंगतीला मी पुन्हा बसणार नाही. सारखं आपलं उंट, उंट! ह्यांना ते ऐकवेना. हृदयाचं दुखणं तर जुनंच होतं."

"मला माफ करा, वहिनी."

"माफी कसली मागता?" वहिनी पहिल्यांदाच भिंतीकडून वळल्या. त्यांच्या डोळ्यांत राग शोधूनही सापडत नव्हता. "हे सगळ्यांना बजावून आले होते, 'दात काय काढताय? आपलं स्वतःचं तोंड असं उंटाचं काढून चारचौघांत टांगायला छाती लागते. खबरदार, माझ्या एसेनकुलला कुणी हसलात तर!'"