सैनिक कोट्यातली जागा

लॉ कॉलेजच्या खिडकीत मी फौजेचं डिस्चार्ज बुक ठेवलं.

"काका, सैनिक कोट्यासाठी उमेदवार स्वतः लागतो. मुलाला पाठवा," मॅडम म्हणाल्या.

"प्रवेश परीक्षा मीच दिलीय."

रांगेत मागे उभा असलेला पोरगा हसला. "आजोबा, आमची सीट कशाला खाता?"

"तुझी नाही, बाळा. सीमेवर राहून कमावलेली आहे."

मॅडमनी विचारलं, "या वयात वकील होऊन करणार काय?"

"बायको चुकीच्या इंजेक्शननं गेली. दवाखान्यावर केस केलीय. आमचा वकील नुसत्या तारखा घेतो. आता मीच लढवणार."

त्यांचा आवाज उतरला. "पण शिकायला तीन वर्षं लागतील, काका. तोवर केस संपेल."

"वकिलालाच विचारून आलोय. नाही संपणार म्हणाला. तोवर मी तयार होतो. मारा शिक्का."