न घेतलेली गोळी

"कुठल्या गोळ्या घेता तुम्ही?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"कुठल्याच नाही," अक्षदा म्हणाली.

महाडच्या त्या दवाखान्यात ती तिसऱ्यांदा आली होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती. दहा महिने पाळी नव्हती आणि मूल नसताना छातीतून दूध येत होतं. पहिल्यांदा ब्लाउज ओला झाला तेव्हा तिनं ते कुणाला सांगितलंच नव्हतं.

विनोदिनी डॉक्टरांनी रिपोर्ट तिच्यापुढे ठेवला. "हे प्रोलॅक्टिन. अंगावर दूध आणणारं हार्मोन. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिथं तयार होतं. एरवी मेंदू तिला आवरून धरतो. बाळ प्यायला लागलं की ढील देतो. तुमचं सहापट वाढलंय. म्हणून पाळी थांबली, दिवस राहत नाहीत."

"गाठ आहे का?"

"नाही. थायरॉइडही ठीक आहे. मग उरतं औषध. उलटीच्या, मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनी मेंदूचा तो लगाम सुटतो." डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "घरात कोण कोण असतं?"

"मी, हे आणि सासूबाई."

डॉक्टरांनी ते कागदावर टिपून घेतलं.

उमरठला परतताना मोटारसायकलवर तिनं नवऱ्याला, कमलाकरला, सगळं सांगितलं.

"आईला यातलं काही बोलू नकोस," तो म्हणाला. "उगाच मनाला लावून घेईल."

सासू बनुबाई म्हशींना पाणी दाखवत होती. "काय म्हनली डाक्टरीन?"

"अशक्तपणा आहे म्हणाल्या."

"व्हईल बरं गो," सासू म्हणाली. सुनेकडे न बघता.

त्या दिवसापासून अक्षदा बघू लागली. सासूच्या ट्रंकेची किल्ली कायम तिच्या कनवटीला असे. गुडघ्याचं दुखणं सांगून ती महिन्यातून एकदा एकटीच महाडला जाई, पण गुडघ्याचं औषध घरात कुठं दिसत नसे. एकदा शेजारची काशीबाई अंगणात बसली होती. "सुनेला कळता कामा नये," सासू तिला सांगत होती. अक्षदा बाहेर आली तशा दोघी गप्प झाल्या.

आणि एका सकाळी मागच्या दारातून तिनं ते पाहिलं. बनुबाईनं मुठीतलं काहीतरी दुधाच्या पेल्यात टाकलं, चमच्यानं ढवळलं आणि ती गोठ्यात निघून गेली.

थोड्या वेळानं कमलाकर तोच पेला घेऊन आला. "घे. आईनं तुझ्यासाठी दिलंय."

रोज तो असाच पेला आणून देई. ती पिऊन होईपर्यंत शर्टाची बटणं लावत समोर उभा राही, मग पोलादपूरला दुकानावर जाई. त्याचं ते थांबणं तिला आवडायचं.

"सासूबाई यात काहीतरी घालतात," ती म्हणाली.

"साखर असेल."

"साखर मुठीत लपवून घालतात?"

"अक्षदा, आई आहे माझी ती."

त्या दिवसापासून त्याच्यासमोर पेला नुसता ओठांना लावून, धुण्याचं निमित्त करून ती तो परसात नेऊ लागली. दूध केळीच्या बुंध्यात ओतायचं आणि रिकामा पेला आत आणायचा.

सातव्या आठवड्यात पाळी आली. महाडला रक्त तपासलं, प्रोलॅक्टिन उतरलं होतं.

"काय बंद केलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"दूध."

डॉक्टरांनी रिपोर्टची घडी तिच्या हातात दिली. "पोलिसांत जायचं असेल तर मी लिहून देईन."

अक्षदा एसटीनं घरी आली. कमलाकर दुकानावर होता. तिनं रिपोर्ट सासूपुढं ठेवला.

"दुधात काय घालता तुम्ही?"

बनुबाईनं हातातली कांद्याची पात खाली ठेवली. तिनं दाराकडे पाहिलं, मग कनवटीची किल्ली काढून ट्रंक उघडली आणि गोळ्यांची पट्टी जमिनीवर ठेवली.

"मला मूल होऊ नये म्हणून ना?" अक्षदानं विचारलं. "दुसरी सून आणायची होती?"

"कसली दुसरी सून?" बनुबाई खाली बसली. "ही कमलाकराची गोळी हाय. लग्नाआधी दोन वर्सं त्याचं डोकं ठिकाण्यावर नव्हतं. घरात कुनी इख घालतंय म्हनायचा, जेवायचा नाय. या गोळीनं मानसात आला. तुझ्यापासून लपवलं, ती माझी चूक हाय."

"पण ते दूध मी पीत होते. वर्षभर."

"तू?"

"तुम्ही माझ्यासाठी दिलंय असं सांगून हे रोज आणून देत होते." तिनं पट्टीकडे बोट दाखवलं. "एवढी मोठी गोष्ट, त्यांना न सांगता दुधात कशाला घालायची?"

बनुबाईनं ती पट्टी पुन्हा हातात घेतली.

"न सांगता कुठं?" ती म्हणाली. "दुधात घाल, म्हंजे अक्षदाला कळायचं नाय, हे त्यानंच तर सांगितलं मला."