विरोध कुणाचा?

"यशवर्धनदादांची प्रदेशाध्यक्षपदी एकमताने निवड झाली आहे," सरचिटणीसांनी जाहीर केलं आणि टाळ्या पडल्या. हारही तयार होता.

पहिल्या सभेपासून पक्षात असलेल्या केराबाईंचं डोकं सणकलं. पक्ष काढणाऱ्या अप्पांचा नियम होता, की कुठल्याही ठरावाला विरोध कुणाचा, हे आधी विचारायचं. स्वतःच्या निवडीच्या वेळीही अप्पांनी तो पाळला होता. त्यांना जाऊन महिना झाला नाही, तोच त्यांचा मुलगा मान पुढे करून हार घालून घेत होता.

केराबाई उभ्या राहिल्या. "विरोध कुणाचा, ते विचारलंच नाही."

"बसा हो मावशी," यशवर्धन हसला. "घरच्या माणसांत कसला विरोध? तुमचा आहे का?"

"नव्हता. तुलाच मत द्यायला आले होते." केराबाईंनी हात वर केला. "आता आहे."