गुलाबी गोळी

मुलगी बघायच्या दिवशी मुलानं, मुलीनं, दोन्ही घरच्यांनी हिरड्या रंगवणारी गोळी घ्यायची, ही आता पोह्यांइतकीच पक्की रीत झाली होती. हिरड्या गुलाबी होत, हसू खुलून दिसे. आठवड्यानं रंग उतरला की पुन्हा गोळी.

अनुबाईंच्या नातवापुढे बशी ठेवताना केतकी हसली. हिरड्या जांभळट-काळ्या. नातवानं नजर वळवली.

“गोळी राहिली होय गं?” अनुबाईंनी विचारलं.

“घेतलीच नाही, आजी. उद्या बंद केली तर तुम्हीच म्हणाल, फसवलं.”

अनुबाईंनी शेजारी बसलेल्या आपल्या सुनेकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिचं खरं हसू त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि आपलं तिला दाखवलं नव्हतं.

त्या नातवाकडे वळल्या. “उठा, गुलाबराव. पोरीनं खरं तोंड दाखवलंय. तुमचा रंग उतरला की या, मग ती सांगेल पसंती.”