हातावरचं दही

दह्याच्या वाटीत चमचा किणकिणला, तशी बॅगेवर बसलेली शर्वाणी भानावर आली. निघणाऱ्याच्या हातावर दही द्यायचं म्हणून तिची पाच वर्षांची भाची जुई वाटी घेऊन उभी होती.

“मला नाही चालायचं गं. जपानमध्ये वर्षभर आजारी पडू नये म्हणून डॉक्टरांनी माझ्या पोटातले आपले जंतू काढून तिकडचे घातलेत.”

जुईनं तिच्या पोटाला कान लावला. “काय म्हणतायत?”

“कच्चा मासा मागतायत.” शर्वाणीला हसू आलं. जन्मात मासा न खाल्लेल्या तिला सकाळी घरची आमटी नकोशी झाली होती.

“म्हणजे मासा त्यांना हवाय, तुला नाही?”

“बहुतेक.”

“मग घरी परत यायचं कोण ठरवणार? तू, की ते?”